मादाम बेर्तिल घरी येतात

एमिलला मांजरं आवडत नसत आणि ओदेतला मोटरहोम आवडत नसे. लील शहरात आयुष्यभर बस चालवून एमिल निवृत्त झाला, तेव्हा त्याने राहता फ्लॅट विकला, मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली आणि बायकोला म्हणाला, "आता सगळा फ्रान्स आपलं अंगण." ओदेतने कपाळाला हात लावला. शेवटी तडजोड झाली ती अशी, की गाडीतून फिरायचं, पण मधूनमधून खऱ्या भिंतींच्या घरातही राहायचं. कुणी परगावी निघालं की त्यांचं घर राखायचं, त्यांची जनावरं सांभाळायची, बदल्यात राहायला मिळायचं. जनावरं म्हणजे बहुतेक वेळा मांजरंच निघत. एमिल ते निमूट सोसत असे.

त्या ऑक्टोबरात ते मध्य फ्रान्समधल्या क्रूझ नावाच्या भागातल्या एका वस्तीवर पोचले. चार घरं, त्यातली दोन बंद. मादाम बेर्तिल फाटकाशीच उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ताठ कण्याच्या, कोट घालून तयार. त्यांचं लिमोज शहरात हृदयाचं ऑपरेशन होतं आणि मुलगी एस्तेल त्यांना न्यायला आली होती.

"तुम्ही बस चालवायचात ना?" त्यांनी एमिलला विचारलं. "मग वेळ पाळाल. दुपारचं खाणं लांबलं की शार्बों भांडी पाडतो."

शार्बों म्हणजे काळा बोका. तो तेवढ्यात एमिलच्या बुटांवर येऊन बसलाही होता.

"आणि ही दुसरी काय करते?" एमिलने पायरीवर बसलेल्या राखाडी भाटीकडे बोट दाखवलं.

"प्रून? काही नाही करत. नुसती बघते." मादाम बेर्तिल गाडीत बसता बसता म्हणाल्या, "ते जास्त वाईट."

पहिले दिवस छान गेले. ओदेतला जणू माहेरी आल्यासारखं झालं. ती वरच्या खोलीत जाड दुलईत झोपे, परसातल्या झाडाखालची चेस्टनटची फळं वेचून आणी, सूप रटरटत ठेवी आणि शेगडीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून विणकाम करी. प्रून तिच्या मांडीवर येऊन झोपू लागली. एमिल अंगणात मोटरहोमखाली आडवा होऊन काहीतरी खुडबुडत असे आणि आत आला की म्हणे, "बाईसाहेब गादीवर बसल्या वाटतं!"

सोमवारी दुपार कलल्यावर प्रून तिच्या मांडीवरून एकदम उठली. कान टवकारले, उडी मारून बाहेर गेली. शार्बोंही कुठून तरी धावत आला. दोघं फाटकापर्यंत गेली, शेपट्या सरळ वर. ओदेतला खिडकीतून दिसत होतं. फाटकात कुणीच नव्हतं. मग दोघं वळली आणि परत येऊ लागली, पण मांजरासारखी नाही. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, थांबत थांबत. शार्बों वाटेत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अंग घासत होता, आणि तो जिथे अंग घासत होता तिथे रिकामी हवा होती.

दोघं घरात आली. प्रून खुर्चीसमोर बसली आणि ओदेतकडे बघत राहिली.

ओदेत उठली. का उठली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. एखादी वयस्कर बाई दारात आल्यावर आपण जागा देतो, तसे पाय आपोआप उठले. ती बाजूला झाली आणि वेत करकरला. प्रूनने खुर्चीत उडी मारली, पण बसली ती अगदी कडेला, अंग चोरून. मग मान वर केली, डोळे मिटले, हनुवटी पुढे काढली. गळ्याखाली कुणी खाजवलं की मांजर काढतं, तशी.

"मांजरंच ती," रात्री जेवताना एमिल म्हणाला. "कुणाकुणाला तर भिंतीकडे बघून गुरगुरताना पाहिलंय मी. तू सूप वाढ."

पण मंगळवारी तेच झालं. बुधवारीही. बुधवारी ओदेतने धीर करून खुर्चीच्या हातावर हात ठेवला. शेगडीच्या विरुद्ध बाजूचा हात, तरी तो कोमट लागला. आणि वास आला. दवाखान्यात सुई टोचण्याआधी कापूस फिरवतात, तसा.

गुरुवारी एस्तेलचा फोन आला. "तुम्हाला आधीच कळवायला हवं होतं, पण माझं डोकंच ठिकाणावर नाही," ती म्हणाली. "सोमवारी ऑपरेशन झालं. ते नीट झालं म्हणतात, पण आई शुद्धीवरच आली नाही. श्वास चालू आहे. डोळे उघडत नाही. तुम्ही आणखी राहू शकाल का?"

"राहू," ओदेत म्हणाली. तिने खुर्चीकडे पाहिलं नाही. "मांजरांची चिंता करू नका."

त्यानंतर ओदेत बदलली. दुपार व्हायच्या आत ती स्वयंपाकघर लखलखीत करून ठेवी, खुर्चीवर उशी ठेवी आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर बसे. वरच्या खोलीत झोपायचंही तिने सोडलं. परक्या बाईच्या पलंगावर आपण लोळतोय असं तिला वाटू लागलं. बाहेर जाणं बंद झालं. प्रून आता तिच्या मांडीवर येत नसे, आणि त्याचं तिला, पोरीसारखं, वाईट वाटे.

"अगं, चल जरा चालून येऊ. तळ्यापर्यंत," एमिल एकदा म्हणाला.

"हळू बोल. त्या बसल्यात."

एमिलला शहारा आला. त्याला खुर्चीची भीती वाटली नाही, बायकोची वाटली. ओदेत स्टुलावर पाठ ताठ करून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नजर दारावर. ओदेत अशी कधी बसत नसे. मादाम बेर्तिल गाडीत अशाच बसल्या होत्या.

"ओदेत, आपण परवा निघू या. शेजारचा आन्सेल्म मांजरांना खायला घालेल."

"त्या रोज एवढ्या लांबून येतात," ओदेत म्हणाली. "आणि घरात कुणीच नसलं तर?"

पुढच्या आठवड्यात एमिलने आन्सेल्मला गाठलं. हा शेजारचा गाईवाला दर शनिवारी बाजाराला जाई. "माझ्या बायकोला घेऊन जा," एमिल म्हणाला, "नको म्हणाली तरी ने." आन्सेल्मने ओदेतला मदतीला चला म्हणून गळ घातली, आणि भिडेखातर ती गेली. दिवसभर तिचं लक्ष घड्याळात होतं.

ती परतली तेव्हा उन्हं उतरली होती. दोन्ही मांजरं फाटकाशी होती. तिला बघून उठलीसुद्धा नाहीत. रस्त्याकडे तोंड करून बसली होती, शेपट्या पायांभोवती गुंडाळून. आत शेगडी पेटलेली, खुर्ची रिकामी. खुर्ची रोजच रिकामी असायची, पण अशी नाही. ओदेतने तिच्या हातावर हात ठेवला. वेत थंडगार होता.

परसात एमिल लाकडं फोडत होता. गरज नव्हती, ढीग लागला होता.

"आज आल्या होत्या का?" तिने विचारलं.

"आल्या होत्या," एमिल कुऱ्हाडीकडे बघत म्हणाला. आजवर त्याने हे एकदाही कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मादाम बेर्तिल आदल्या दुपारी गेल्या होत्या.

दफनविधी आटोपून एस्तेल घरी आली. डोळे सुजलेले, पण बोलणं भराभर, थांबलं तर कोसळेल असं. ओदेतने कॉफी पुढे ठेवली.

"नर्स म्हणायची, त्यांना काही कळत नाहीये," एस्तेल सांगू लागली. "पण रोज दुपारी आईची बोटं हलायची. चादरीवर, अशी." तिने टेबलावर बोटं हळूच मागेपुढे केली. "मी म्हटलं, ही मांजराला कुरवाळतेय. नर्स हसली. शेवटच्या दिवशी पण हलली. मग थांबली. मोठं ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतं ना, तसा एक श्वास सोडला तिने. मग पुढचा आलाच नाही."

एमिलचा कप बशीवर आपटला.

"आता मांजरांचं बघायला हवं," एस्तेलने डोळे पुसले. "माझ्या मुलाला दमा आहे. गावात बेवारशी जनावरांचा एक आश्रम आहे म्हणे..."

"मांजरं आमच्याबरोबर येतील," एमिल म्हणाला.

ओदेत नवऱ्याकडे बघतच राहिली. एस्तेल आईचे कपडे आवरायला वर गेली, तशी ती उठून त्याच्याजवळ गेली. "तुला काय झालंय?"

एमिलने कप बशीत सरळ केला. मग म्हणाला, "शनिवारी तू नव्हतीस. मांजरं त्यांना घेऊन आली. मी इथे उभा राहिलो आणि म्हटलं, मादाम, मांजरांची काळजी नका करू. आम्ही आहोत. तुम्ही आता जा." त्याने खुर्चीकडे पाहिलं. "तुझ्यासाठी म्हटलं गं. तू त्यांच्यासारखी बसायला लागली होतीस. मला वाटलं, खुर्ची सोडून जातील. एवढंच वाटलं."

"रागाने म्हणालास?"

"नाही. शेवटच्या थांब्यावर कुणी म्हातारं माणूस झोपलेलं असलं की मी उठवायचो ना बसमध्ये? खांद्याला हात लावून? तसं म्हटलं."

ओदेतने त्याचा हात धरला. जिन्यात पाऊल वाजलं. एस्तेल अर्ध्या जिन्यावर उभी होती, हातात आईचा लोकरी स्वेटर. तिने सगळं ऐकलं होतं. एमिलचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे ती इथे यायची?" एस्तेलने विचारलं.

"रोज," ओदेत म्हणाली.

"तिच्या खुर्चीत?"

"हो. प्रूनला मांडीवर घेऊन."

एस्तेल तिथेच पायरीवर बसली आणि स्वेटर तोंडाशी धरून रडली. मोठ्याने, हमसून, त्या दिवसांत पहिल्यांदाच. रडता रडता मध्येच म्हणाली, "आणि मी तिकडे तिचा हात धरून बसले होते. ती तिथे नव्हतीच!" आणि हसली. त्या हसण्यात कौतुक किती आणि दुखणं किती, ते ओदेतला कळलं नाही. एमिलला तिने दोष दिला नाही. क्षमा केली असंही म्हणाली नाही. जाताना दोघांच्याही गालाला गाल लावून गेली, एवढंच.

मोटरहोम दक्षिणेकडे निघाली. शार्बों पहिला दिवसभर ओरडला, मग एमिलच्या बुटांवर झोपू लागला. प्रून खिडकीत बसून मागे जाणारा रस्ता बघे. वसंतापर्यंत ती ओदेतच्या मांडीवर परत आली. दुपारी दोन्ही मांजरांतलं एकही आता कुणाच्याही स्वागताला उठत नाही.

एमिल मात्र अजून कधीतरी, गाडी कुठल्या नदीकाठी लावल्यावर, पाठमोरा बसून विचारतो, "मी म्हटलं म्हणून गेल्या, की जाणारच होत्या?"

ओदेत बटाटे सोलत असते. तिने त्याला दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आहेत. कुठल्याच उत्तराने तो वळून बघत नाही.