लुगड्यांचं छत

“या घरातून मला आता चौघंच खांद्यावर काढतील,” शेषेरावांनी शिडीवरून अख्ख्या गल्लीला जाहीर केलं आणि बोलण्याला वजन यावं म्हणून तळहात पत्र्यावर टेकवला. लोहा गावातला मार्चचा पत्रा, तोही भरदुपारचा. पुढच्या क्षणी ते कुणाच्याही खांद्याशिवाय खाली उतरले होते आणि हात बादलीत होता.

भानगड त्या पत्र्याचीच होती. दर उन्हाळ्यात मुलगा दयानंद गाडी घेऊन यायचा आणि आईबापांना पुण्याच्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवायचा. तिथं गारवा होता, लिफ्ट होती. भांडायला माणूस नव्हता. यंदा घर गार झालं तर राहायचं, नाहीतर मुकाट गाडीत बसायचं, असं बापलेकांत ठरलं होतं.

लेक तनुजा नांदेडला ऊन अडवायला छताखाली लावायच्या गाद्यांच्या कारखान्यात होती. तिनं तीन नमुने पुढ्यात मांडले. थर्माकोल पाहून शेषेराव म्हणाले, मखरात बसायचं वय गेलं. काचेच्या तंतूंचं ग्लासवूल त्यांनी कापसासारखं चोळून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत हात खाजवत बसले. तिसरी गादी जुने कपडे पिंजून केलेली. उंदीर-वाळवी लागू नये म्हणून टाकणखार मारलेली.

“उन्हाळ्यात घराला गोधडी पांघरवून राहिलीस का गं?”

“बर्फाच्या लादीवर गोणपाट का टाकतेत, बापू?”

शेषेरावांनी लादी आठवली, गोणपाट आठवलं, आणि हे मुळात आपल्यालाच सुचलं होतं अशा चेहऱ्यानं होकार दिला.

कपडे मात्र पुरेनात. शेषेरावांच्या पत्नी साखराबाईंनी भांडेवालीला द्यायला साठवलेलं जुन्या कपड्यांचं गाठोडं दिलं, मग गल्लीत घरोघर फिरल्या. कुणी लुगडी दिली, कुणी धोतरं. किराणावाल्या बसवराजअप्पांनी लग्नातला सफारी दिला, जो आता त्यांच्या एका मांडीलाही पुरला नसता. तनुजानं सगळं नांदेडला नेऊन पिंजलं आणि गाद्या पत्र्याखाली बसवून दिल्या.

एप्रिलात दयानंद आला. जरा टेकतो म्हणाला, आणि चहा दोनदा गार झाला तरी उठला नाही. दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन परतला. शेषेराव छाती काढून त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेले.

माघारी आले तर खोलीत शेजारची रेणुकाबाई उशी घेऊन आडवी.

“माझी तीन लुगडी हायती वर,” ती डोळे न उघडता म्हणाली. “मी आपली माझ्या लुगड्याखाली पडले.”

आठवड्याभरात सगळे हक्कदार हजर झाले. पिंजल्यावर कुणाचं कापड नेमकं कुठं गेलं हे सांगता येईना, म्हणून सगळे सगळीकडे पसरले. बसवराजअप्पा दुकानाचं शटर ओढून यायचे आणि सफारी बरोबर आपल्या नाकाच्या वर आहे असं सांगून घोरायला लागायचे. बायका पापड लाटत, एकमेकींच्या सुनांची नक्कल करत. साखराबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. पुण्यात त्या कधी अशा हसल्याचं शेषेरावांना आठवेना. त्यामुळे ‘उठा’ म्हणायला जीभ रेटेना. त्यांची जागा भिंतीकडून दाराकडे सरकली, दाराकडून ओट्यावर, ओट्यावरून लिंबाखाली.

तिथूनच एका दुपारी त्यांनी फोन लावला.

“दयानंदा, घर लई गार झालं हाय. एक नंबर.”

“मग?”

आतून हशा उसळला. तो ओसरेपर्यंत शेषेराव थांबले, मग आवाज खाली आणला.

“रविवारी गाडी घेऊन ये. तुझ्या आईला सांगू नको. दोन दिवस तिकडं येतो, जरा दुपारचं पडायचंय.”