भात गिरणीच्या कंट्रोलरचा सूड

मित्रांनो, मी कुंभारवाड्याच्या भात गिरणीतला मोटारीचा कंट्रोलर आहे. हिरवी पाटी, तिच्यावर वितळलेल्या कथलाचा डाग देऊन बसवलेले शंभरेक बारीक भाग, असा माझा देह. तारेतून आलेली वीज मी मोटारीला झेपेल अशी करून बेताबेताने सोडतो. मी नसलो तर मोटार नुसती गुरगुरते. माझ्या पोटात एका माणसाबद्दल राग आहे आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मी दूरच्या कारखान्यात जन्मलो, आगगाडीने लोंढ्याला उतरलो आणि जीपमधून रानात आलो. इथल्या बायकांच्या संघाने गिरण घातली होती. त्याआधी त्या भाताची पोती डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत जायच्या आणि दिवसातून एकदा येणाऱ्या बसची वाट बघायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पेटीला हळदकुंकू लावलं. गिरण चालवायचं काम संघातल्या फुलाकडे आलं. दर आठवड्याला ती सायकलच्या पंपाने माझ्या अंगावरचा कोंडा उडवायची. तिच्या हाताखाली मी दोन वर्षं एकदाही अडलो नाही.

मग मोटारीचं बेअरिंग वाजू लागलं, म्हणून रामनगरहून शिवानंद मेस्त्रीला बोलावलं. त्याने बेअरिंग बदललं, तेवढ्यासाठी माझ्या तारा सोडल्या. मला दोन दारं आहेत. एकातून वीज आत येते, दुसऱ्यातून मोटारीकडे जाते. प्रत्येक स्क्रूखाली अक्षर छापलेलं आहे. मेस्त्री कानाला मोबाईल लावून बोलत होता. त्याने ते वाचलंच नाही. बाहेरून आलेली वीज त्याने मोटारीच्या दारात जोडली आणि बटण दाबलं. विजेची उघडझाप करणारे माझ्या आतले सहा मोठे स्विच एका क्षणात फुटले.

फुला तेव्हा त्याच्यासाठीच चहा आणायला गेली होती. ती परत येईपर्यंत त्याने तारा मुकाट जागच्या जागी लावल्या. चहा हातात घेतला आणि म्हणाला, "पाणी शिरलंय आत. जमीन सारवताना शिंपडलं असशील."

हेच त्याने संघाच्या बायकांनाही सांगितलं. त्यांनी फुलाकडून गिरणीची किल्ली काढून घेतली. कोणी मोठ्याने बोललं नाही, पण विहिरीवर ती आली की बाकीच्या गप्प होत. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. जळण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

संघाची प्रमुख राजेश्वरी मला भंगारात टाकणार होती. फुलाने मला मागून घेतलं. लहानपणी बॅटरी, मोठेपणी रेडिओ, असं काही ना काही उघडून बसायचा तिला नाद होता. दांडेलीच्या बाजारातून आणलेली डाग द्यायची कांडी आणि एक मीटर, एवढीच तिची हत्यारं. दुपारी शेतातून आली की ती पडवीत मला मांडीवर घ्यायची.

जुन्या टूथब्रशने तिने माझी काजळी उतरवली. मग एकेक भाग मीटरने तपासत गेली आणि मध्येच थांबली. वीज आत येते त्या दारापाशी सगळं धडधाकट होतं, फ्यूजसुद्धा. जळलं होतं ते फक्त मोटारीकडचं दार. तिथल्या स्क्रूवर तार वितळल्याची खूणही होती.

"मेस्त्रीनं उलटं जोडलं. वीज नेहमीच्या दारानं आली असती तर आधी फ्यूज उडाला असता," ती नवऱ्याला म्हणाली.

परशू म्हणाला, "सोड गं. मेलेल्याला काय सुया टोचत बसलीस?"

"त्याला जितं करून त्या मेस्त्रीच्या तोंडावर चालवीन. मगच सोडीन."

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की आमच्या दोघांच्या मनात एकच आहे.

नवे स्विच पोस्टाने यायला तीन आठवडे लागले. जळून तुटलेल्या वाटा तिने तांब्याच्या बारीक तारेने सांधल्या. विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून तिने मला वीज दिली. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे आत अजून खोट होती. तिने चार दिवस माझ्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी तांदळाच्या कणीएवढा एक भाग तिने शोधून काढला. तो बदलल्यावर बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, म्हणजे खोट गेली होती. फुला हसली नाही. पदराने कपाळ पुसून राजेश्वरीकडे गेली.

फुलाच्या सांगण्यावरून राजेश्वरीने नवा कंट्रोलर बघायच्या निमित्ताने मेस्त्रीला बोलावलं. गिरणीत सगळ्या बायका जमल्या. फुला त्याला म्हणाली, "नवा बसवायच्या आधी हा जुना एकदा जोडून दाखवा."

"मेलेला हाय तो. कुठंबी जोडला तरी काय फरक पडतोय?" असं म्हणत त्याने तारा जोडल्या. पुन्हा त्याच चुकीच्या दारात.

"अक्का, स्क्रूखाली काय लिवलंय वाचा," फुला म्हणाली. राजेश्वरीने चष्मा लावून अक्षरं वाचली, माझ्याबरोबर आलेल्या कागदाशी ताडून पाहिली. मग तिने तो कागद मेस्त्रीच्या हातात दिला.

"बटण तुम्ही दाबताय की मी दाबू?" फुलाने विचारलं. तो मागे सरला. तिने तारा बदलल्या, बटण दाबलं आणि मी मोटार अशी फिरवली की पत्रे थरथरले.

गिरण बंद केल्यावर तो वाकून माझी दुरुस्ती न्याहाळू लागला. त्याचं बोट आत आलं. बंद झाल्यावरही माझ्या पोटात काही मिनिटं वीज साठून राहते. ते बोट अर्ध्या इंचावर होतं आणि मला ते हवं होतं. फुलाने झटक्यात त्याचं मनगट धरलं.

"आत वीज हाय अजून. माझं भांडण तुमच्या जिभेशी हाय, हाताशी न्हाई."

"चूक झाली, फुलाक्का," तो पुटपुटला.

"मला न्हाई. ज्यांच्याम्होरं माझं नाव घेतलंत, त्यांना एकेकीला सांगा."

तो एकेकीसमोर उभा राहिला. सतरा बायका होत्या. सतरा वेळा त्याने सांगितलं, "पाणी शिरलं नव्हतं, चूक माझी होती." शेवटी राजेश्वरीने किल्ली फुलाच्या हातात ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघायला धजली नाही.

मित्रांनो, यंत्राला हात लावण्याआधी त्याच्यावर लिहिलेलं वाचा. बिघडलेलं फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि कोणावर बोट ठेवण्याआधी तर नक्कीच बघा, कारण आम्ही यंत्रं साक्ष द्यायला बोलू शकत नाही. फुलाने त्याला सोडलं. मी अजून सोडलेलं नाही.