ज्युरीच्या पेटीचा कबुलीजबाब

मी ज्युरीची पेटी बोलतेय. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका लहानशा गावच्या कोर्टात मी बावन्न वर्षं काढली. तिथे किती तरी जणांना आरोपी म्हणून उभं केलं गेलं. मला मात्र कोणी कधी काही विचारलं नाही. म्हणून आज आपणहूनच सांगते. सांगताना माझी मान खाली आहे, एवढं समजून घ्या.

आमच्याकडे खटल्याचा निकाल न्यायाधीश एकटा देत नाही. गावातली बारा साधी माणसं समोर बसून सगळं ऐकतात, मग आतल्या खोलीत दार लावून ठरवतात, की हा दोषी की निर्दोष. ही बारा माणसं कोण, हे ठरायचं माझ्या पोटातून. कर भरणाऱ्या गावकऱ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून माझ्यात टाकत आणि न्यायाधीश हात घालून एकेक चिठ्ठी काढत.

मला झिकिएल फेन नावाच्या काळ्या सुताराने घडवलं. चांगलं पेकनचं लाकूड, घट्ट सांधे, खिळा म्हणून एक नाही. माझं तोंड त्याने मुद्दाम मनगटाएवढंच ठेवलं आणि त्यावर चामड्याची झापड लावली. "हात आत जाईल, डोळा नाही जायचा," असं स्वतःशीच म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पोर शाळेत धाडावं तसं त्याने मला कोर्टात धाडलं.

काही वर्षांनी प्रुइट नावाचे न्यायाधीश आले. काळ्यांचीही नावं पेटीत हवीत, असं कायदा सांगत होता, आणि प्रुइटसाहेब कायद्याचे पक्के. त्यांनी नावं टाकायला लावली. फक्त एवढंच, की गोऱ्यांची पांढऱ्या कागदावर आणि काळ्यांची पिवळ्या कागदावर. मग एका सोमवारी शिपायाकडून माझी झापड कापून घेतली आणि तोंड करवतीने चांगलं ऐसपैस करून घेतलं. "सांधे दुखतात रे माझे, हात अडकतो," म्हणाले. त्यानंतर ते आधी माझ्यात नजर टाकत, मग मान वर करून छताकडे बघत चिठ्ठी उचलत. पांढरी निघे. पुन्हा पांढरी. वीस वर्षांत पिवळी एकदाही निघाली नाही. काळ्या माणसांना वरच्या गॅलरीत बसावं लागे; त्यांना हे दिसत होतं. खाली बसणाऱ्या गोऱ्यांनाही दिसत होतं.

चिठ्ठ्या लिहायच्या मिस युडोरा, कोर्टाच्या कारकून. बाई मनाने फार चांगल्या. गावात कोणाकडे मयत झालं की पहिलं ताट यांच्या घरून जायचं, काळ्यांच्या घरीसुद्धा. त्याच हातांनी त्या दर दोन वर्षांनी पिवळा कागद सरळ रेषेत कातरायच्या आणि वळणदार अक्षरात झिकिएल फेनचं नाव लिहायच्या.

आणि मी? मी खुशीत होते. दर सोमवारी माझ्यावर तेलाचा हात फिरे. मला टेबलावर ठेवलं की सगळं कोर्ट उठून उभं राही. ते न्यायाधीशांसाठी उठायचे, पण मला वाटायचं माझ्यासाठीच. दमट हवेत माझं लाकूड फुगायचं, झाकण अडकायचं, तेव्हा प्रुइटसाहेब चडफडत. हवेमुळे मी कितीदा तरी अडून बसले. पिवळ्या चिठ्ठ्यांसाठी एकदाही अडले नाही.

एकोणीसशे एक्कावन्नच्या ऑगस्टमध्ये ओटिस मेबरीचा खटला उभा राहिला. बावीस वर्षांचा काळा तरुण, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, म्हणजे जिनमध्ये कामाला. जिनला आग लागली, आणि ती ओटिसने लावली असं मालकाने सांगितलं. त्या वेळी ओटिस चर्चमध्ये आईबरोबर गाण्याच्या तालमीला होता. तीस माणसांनी त्याला पाहिलं होतं, पण ती तीसही माणसं काळी होती.

प्रुइटसाहेबांनी नेहमीप्रमाणे माझ्यात नजर टाकली, छताकडे पाहिलं आणि एक पांढरी चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचली, "झिकिएल फेन."

वर गॅलरीत म्हातारा झिकिएल उठला, टोपी काढून छातीशी धरली. "हजर आहे, साहेब."

"खाली बस, झिकिएल. चिठ्ठी चुकलीये."

"नाव माझंच घेतलंत ना, साहेब?"

"बस म्हटलं ना!"

मिस युडोरा लालबुंद झाल्या. "माफ करा, जज्जसाहेब. पिवळा कागद संपला होता हो, म्हणून मी पांढऱ्यावर..." एवढं बोलल्या आणि तोंडावर हात ठेवला. पण कोर्टातलं सगळं बोलणं टिपणारा लेखनिक त्याच्या यंत्रावर बोटं चालवतच होता. तेही टिपलं गेलं.

प्रुइटसाहेबांनी ती चिठ्ठी माझ्यात टाकली आणि दुसरी काढली. मी झिकिएलचं नाव मुकाट परत पोटात घेतलं. ज्याने मला घडवलं त्याचं नाव!

बारा गोरे पुरुष आत गेले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. दोषी. वीस वर्षं सक्तमजुरी, दगडाच्या खाणीत. ओटिसची आई लिओना गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती. ती रडली नाही. एकेकाच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

युडोराबाईंच्या त्या अर्ध्या वाक्यावर एका वकिलाने अपील केलं. राज्याच्या कोर्टाने ते फेटाळलं. दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच दुसऱ्या एका गावच्या खटल्यात सांगितलं, की पेटीत दोन रंगांच्या चिठ्ठ्या ठेवणाऱ्याला भेदभाव केला नाही असं म्हणता येणार नाही. मग ओटिसचाही खटला नव्याने चालवा, असा हुकूम आला. तो आला मंगळवारी. आदल्या शुक्रवारी खाणीत दरड कोसळली होती आणि ओटिस तिच्याखाली गेला होता.

मग माझ्यात सगळ्याच चिठ्ठ्या पांढऱ्या पडू लागल्या. झिकिएलचं नाव रीतसर निघालं तेव्हा त्याची दृष्टी गेली होती, त्याला सूट मिळाली. बायकांचीही नावं येऊ लागली. प्रुइटसाहेब निवृत्त झाले. आणि त्रेसष्ट साली नव्या न्यायाधीशांनी माझ्यातून नाव काढलं, "लिओना मेबरी."

आरोपी होता एक गोरा तरुण, रॉइस हेंब्री, मालकाचा ट्रक चोरल्याचा आरोप. ज्या कपाटात मला ठेवत ते ज्युरीच्या खोलीला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"उघड आहे हो सगळं," ज्युरीचा म्होरक्या म्हणत होता. "जेवायच्या आधी उरकून टाकू."

"तुम्ही जेवून या," लिओनाबाई म्हणाल्या. "मी बसते. ट्रकची किल्ली कोणाकडे होती, ते मला पुन्हा ऐकायचंय."

"बाई, पोरगं गोरं आहे. तुमचं काय अडलंय?"

"त्याची आई बाहेर बाकावर बसलीये. ते अडलंय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी कोणाला उठू दिलं नाही. किल्ली मालकानेच दिली होती, असं शेवटी निघालं. रॉइस सुटला.

जाताना सही करायला लिओनाबाई टेबलाशी आल्या. मी तिथेच होते. त्यांनी पर्स माझ्यावर ठेवली आणि हातमोजे चढवू लागल्या. मिस युडोरा आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. आजवर ज्यांना त्या नुसतं 'लिओना' म्हणत आल्या, त्यांना म्हणाल्या, "मिसेस मेबरी, त्या दिवशी माझ्या तोंडून ते निघून गेलं, म्हणून तरी ओटिसचा खटला वर गेला. तेवढंच समाधान वाटतं हो मला."

लिओनाबाईंनी मोज्याचं बटण लावलं. "खरंय. पण त्याआधी वीस वर्षं तुम्हाला पिवळा कागद कधी कमी पडला नव्हता, मिस युडोरा."

त्यांनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

आता मी कोर्टाच्या तळघरात आहे. नावं यंत्र काढतं. मिस युडोरा गेल्या, लिओनाबाईही गेल्या. एक गोष्ट मात्र माझ्यापाशी राहून गेली आहे, ती सांगून मोकळी होते. मोकळं होण्याचा हक्क मला नाही, तरी सांगते. ओटिसच्या खटल्याच्या आदल्या दिवशी जिनचा मालक प्रुइटसाहेबांच्या खोलीत आला होता. मला तेलाचा हात फिरवून तिथेच ठेवलं होतं. "आगीच्या आधी जिनची मोटर आठवडाभर ठिणग्या टाकत होती, बदलायची राहून गेली," असं तो हसत म्हणाला, आणि दोघांनी बर्फ घातलेला थंड चहा घेतला. मेबरींच्या घरातलं कोणी हे वाचत असेल, तर त्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे: तुमच्या ओटिसने आग लावली नव्हती. मला ते त्या दिवशी, चिठ्ठ्या निघताना, माहीत होतं.