पस्तीस पावलांच्या पलीकडे

मी बोलतेय, आणि आज कुणी न वाजवता बोलतेय. एरवी मला दुसऱ्याचा हात लागतो. मी एक लांबट लाकडी डबी आहे. माझं झाकण कडेवर घासलं की टर्की पक्ष्याची मादी बोलावतेय असा आवाज निघतो, आणि वसंतात रानातले नर त्या आवाजाच्या ओढीने चालत येतात. पुढे काय होतं ते तुम्हाला कळलं असेलच. फसवणूक आहे खरी, आणि मी ती कधी नाकारली नाही.

मला व्हर्नाने घडवलं. ओझार्कच्या डोंगरात, एका ओढ्याकाठी तिचं आणि एमेटचं शेत आहे. वीज पडून मेलेल्या सीडरच्या झाडाचं माझं अंग आणि अक्रोडाचं झाकण. व्हर्ना शाळेत स्वयंपाकीण होती, रविवारी चर्चमध्ये गायची. कान तिचा भारी तिखट. पहिली तीन झाकणं तिने चुलीत घातली.

"कोठाराचं दार करकरतंय वाटतं," एमेट बाहेरून म्हणायचा.

"मग जाऊन तेल घाल," ती मान वर न करता म्हणायची.

चौथं झाकण घासलं तेव्हा कुरणापलीकडून एक नर ओरडला. एमेट कॉफीचा कप तोंडाशी धरून तसाच उभा राहिला.

तेव्हापासून वाटणी ठरली. मला व्हर्ना वाजवणार, बंदूक एमेट चालवणार. शिकारीचा परवाना दोघांच्या नावाचा यायचा. मारलेला पक्षी त्यावर नोंदवायचा असतो, पण तिचा दर वर्षी कोराच राहायचा. तिला नेम येत नव्हता असं नाही. कुंपणावरचे रिकामे डबे ती एमेटपेक्षा भराभर उडवायची. "पण बोलावते मी आणि मारूही मीच? तेवढं नको," असं तिचं म्हणणं.

तिचे नियम मात्र कडक होते. झाडाला टेकून बसायच्या आधी ती समोर पस्तीस पावलं मोजायची आणि तिथे साल सोललेली काठी रोवायची. नर काठीच्या अलीकडे आल्याशिवाय बार काढायचा नाही. पिसारा फुलवून, मान छातीत ओढून मिरवत असेल तर तेव्हाही नाही. छर्रे डोक्यामानेत लागले तर तो जागच्या जागी जातो. नाहीतर जखम घेऊन पळतो आणि कुठेतरी तडफडत मरतो. म्हणून शेवटी ती मला एकदाच टचकन वाजवायची. नर मान उंच करायचा, आणि मग एमेटची पाळी. बावीस वर्षं असं चाललं. माझ्या आवाजावर येणारा हाल होऊन मरणार नाही, एवढं समाधान मला होतं.

त्या एप्रिलमध्ये, सकाळचे दहा वाजत आले असतील, एक थोराड नर माळावर आला. पिसारा फुललेला, मान आत. काठीच्या बराच पलीकडे होता. व्हर्नाचं बोट माझ्या झाकणावर थांबलेलं होतं, आणि शेजारी बार उडाला.

नर कोलमडला, उठला, आणि एक पंख फरफटवत झाडीत घुसला. अशा वेळी शिकारी उठून धावत सुटतो, एक क्षण दवडत नाही. एमेट बसूनच राहिला.

"चुकला," तो म्हणाला.

"चुकला कसला? पंख मोडलाय त्याचा. धाव की रे!"

"कुठे?"

"कुठे काय? गेला ना समोरून!"

ती स्वतःच धावली. बार लागला तिथे मूठभर पिसं पडली होती. परत येताना तिने पावलं मोजली. "बावन्न. एमेट, काठी काय शोभेला लावते मी?"

"घाई झाली गं."

"बावीस वर्षांत न झालेली घाई आजच झाली?"

एमेट बंदुकीचा पट्टा सारखा करत राहिला. मग म्हणाला, "एवढ्या झाडीत काय सापडणार? घरी जाऊ."

"मी बोलावलंय त्याला. त्याला असा टाकून मी जेवायला बसणार नाही."

तिने मला कोटाच्या खिशात टाकलं आणि दोघं झाडीत शिरले. एक वाजता बंदूक रिकामी करायची, असा तिकडचा कायदा. त्यानंतर नर सापडला तरी कुणाला काही करता आलं नसतं. तिच्या खिशात मला तिचा श्वास ऐकू येत होता. मला स्वतःची लाज वाटत होती, हे सांगून टाकते.

कधी एक पीस सापडे, कधी पाचोळ्यातली फरफट. मग तासभर काहीच नाही. शेवटी ओढ्याकाठच्या रुंद पानांच्या रोपांत ती गुडघ्यांवर बसली. "हे बघ, रक्त. या पानावर."

"हां, हां. दिसलं," एमेट म्हणाला.

तो शेजारच्या पानाकडे बघत होता. त्या पानावर काही नव्हतं.

व्हर्नाने आधी ते पान बघितलं, नंतर त्याचे डोळे. मग तिने त्याची बाही धरली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"एमेट."

तो खाली बसला. "हिवाळ्यापासून. मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं, बघायला जावं ते दिसत नाही. डॉक्टरकडे जाऊन आलो. पंपाचा वायसर आणायला गेलो होतो ना, त्या दिवशी. म्हणाला, सुधारणार नाही."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर आणलं असतंस मला? बंदुकीचं काय घेऊन बसलीस! तुझ्याशेजारी पहाटेपासून बसायला मिळतं गं मला. वाटलं, ते बंद होईल."

"वेडा आहेस तू," ती म्हणाली, आणि रडली. मग नाक पुसून उठली. "चल. तो तिकडे तडफडतोय."

एकला वीस मिनिटं कमी असताना नर सापडला. उन्मळून पडलेल्या ओकच्या फांद्यांत डोकं खुपसून बसला होता. डोळा उघडा होता. एमेटने बंदूक तिच्यापुढे धरली. "तू मार. मी पुन्हा चुकेन."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिने बंदूक हातात घेतली. "माफ कर रे बाबा," ती त्या नराला म्हणाली, आणि नेम धरला. एकाच बारात सगळं शांत झालं.

तिच्या कोऱ्या परवान्यावर तो पक्षी नोंदला गेला. एमेटने घरी जाऊन स्वतःचा परवाना फाडून चुलीत टाकला. "एक नर मीही घेतलाच ना यंदा," एवढंच म्हणाला.

आता मी म्हातारी झाले आहे. कडा झिजल्यात, आवाज नीट निघावा म्हणून झाकणाला खडू वरचेवर लावावा लागतो. आणि हल्ली मला एमेट वाजवतो. पहिल्या वर्षी त्याने मला असं काही घासलं की जवळ आलेला नर उलट्या पावली पळाला, आणि व्हर्ना तोंडावर टोपी दाबून हसत सुटली. बंदूक तिच्या मांडीवर असते. व्हर्ना ती क्वचितच उचलते.

जाता जाता एक मागणं आहे. तुम्हाला नीट दिसेनासं झालं, हात थरथरू लागला, तर शेजारच्या माणसाला वेळेवर सांगा. तुमच्या लपवण्याचा मार भलत्यालाच बसतो.

गेल्याच आठवड्यात एक नर आला आणि लांबच थांबला. व्हर्नाने बंदूक हलवलीही नाही. एमेटने हळूच विचारलं, "कसा आहे?"

ती त्याच्या कानाशी सांगू लागली. पिसं तांब्यासारखी चमकतायत. मिरवण्याच्या जोशात डोकं पांढरं पडलंय. शेपटीचं एक पीस मोडकं आहे. हा बघ, गोल फिरला.

थोड्या वेळाने पाचोळ्यातली पावलं लांब लांब गेली. मला ऐकू आली, म्हणजे एमेटलाही आली असणारच.

"आणि आता काय करतोय?" त्याने विचारलं.

"आता," व्हर्ना म्हणाली, "आपल्याकडे तोंड करून उभा आहे."