जंपर कडेला असलेला बोर्ड

जयदेवचं पत्र आलं ते २००७ सालच्या श्रावणात, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र बदलापूर गावातून आलं होतं, म्हणजे आमच्या अंबरनाथहून एक स्टेशन पुढून. जयदेव लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. कॅसेटची सीडी बनवायला त्याच्या जुन्या संगणकाला अख्खा दिवस लागायचा. दोन लग्नं एकदम आली की दुसऱ्या घरची माणसं दारात येऊन बसायची. महागडा संगणक परवडणार नव्हता. एका साप्ताहिकातला माझा लेख वाचून त्याने लिहिलं होतं, "सर, स्वस्तातला प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे तुमच्यामुळे कळलं. त्यासाठी तीन हजारांच्या आत मदरबोर्ड कोणता घेऊ? तुळशीच्या लग्नानंतर माझा सीझन. तुम्ही सांगाल तोच घेईन."

शेवटचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. लेख मीच लिहिला होता, पण रद्दीवाल्याकडची इंग्रजी मासिकं वाचून. माझी तीस वर्षं कारखान्याच्या वाचनालयात पुस्तकांना नंबर घालण्यात गेली. संगणकाचा डबा मी कधी उघडूनही पाहिला नव्हता.

यशोधरा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की एवढं एक स्टेशन, जाऊन सांगून या. पत्रात फोन नंबरही होता. मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. दर दोन दिवसांनी शब्दकोश उघडायचो आणि मिटायचो.

दसऱ्याच्या सुमारास मात्र राहवेना. घरात संगणक घ्यायचाच होता. जयदेवला हवा तसाच तो आपण आधी जोडावा, जमलं तर उत्तर द्यावं, असं ठरवून मी उल्हासनगरला टेकचंदच्या दुकानात गेलो. वहीत अकरा मदरबोर्डांचा तक्ता होता. टेकचंदने तो शांतपणे वाचला, पान उलटून मागचं पानही पाहिलं.

"साईं, बोर्ड लगाना है की परीक्षेला बसायचंय?"

त्याने दोन बोर्ड काढले. एक लालभडक, चकचकीत. दुसरा शेवाळी रंगाचा, अगदी साधा. किंमत जवळजवळ सारखीच. मासिकात लालवाल्याला गुण जास्त होते. मी लाल घेतला, बाकीचे भागही तिथूनच.

जोडणीला दोन दिवस लागले. संगणक चालू झाला तेव्हा मी घाबरून खुर्ची मागे सरकवली. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरचा वेग वाढवला. लेखात पायरीपायरीने वाढवा असं लिहिलं होतं. मी थेट शेवटची पायरी गाठली. पडदा काळा झाला. पंखा फिरत होता, बाकी काही नाही. बंद केला, चालू केला, तसाच. मला वाटलं, बोर्ड गेला, प्रोसेसर गेला, आणि हेच जयदेवच्या घरी झालं असतं.

यशोधराने स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं आणि विचारलं की असं झालं तर काय करायचं, ते लेखात आहे का? मला आठवेना. तिने कपाटातून साप्ताहिक काढलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. तीन परिच्छेद झाल्यावर ती थांबली.

"अहो, इथे आहे. 'घाबरू नये. वायर काढावी. बॅटरीजवळचा जंपर काढून शेजारच्या पिनांवर बसवावा, थोड्या वेळाने पुन्हा पहिल्या जागी लावावा. बोर्ड आपल्या मूळ सेटिंगवर येतो.' कोणीतरी समजूतदार माणसाने लिहिलेलं दिसतंय."

जंपर म्हणजे पिनांवरची भुईमुगाच्या दाण्याहूनही छोटी टोपी. लाल बोर्डावर ती ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली दडलेली. स्क्रू काढून कार्ड उपसावं लागलं. माझ्या बोटांना ती सापडेना, शेवटी यशोधराने केसातल्या आकड्याने उचलली. सगळं परत लावलं आणि पडदा उजळला. मी लिहिलेलं खरं होतं. माझाच त्यावर विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी लाल बोर्ड घेऊन परत टेकचंदकडे गेलो आणि शेवाळी बोर्ड मागितला. त्यावर जंपर अगदी कडेला, मोकळा होता. बोर्ड खराब नसताना बदलायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक म्हणून त्याने शेजारच्या दुकानदाराला बोलावून मला दाखवलं, पण बदलून दिला.

या वेळी जोडणी एका सकाळी झाली. आमच्या लेकीच्या, प्रीतीच्या लग्नाची कॅसेट संगणकात उतरवून घेतली आणि तिची सीडी बनवायला लावली. साध्या वेगाने तीन तास लागले. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढवला तेव्हा सव्वादोन. त्याहून वर गेलं की मध्येच अडकायचं. मुद्दाम दोनदा पडदा काळा करून पाहिला. दोन्ही वेळा जंपर हलवून मिनिटभरात परत.

तुळशीच्या लग्नाला आठ दिवस राहिले होते. मी जयदेवला बोर्डाचं नाव लिहिलं, वेग कुठवर न्यायचा ते लिहिलं, जंपरचं चित्र काढलं. शेवटी लिहिलं, "लेख लिहिला तेव्हा मी संगणक उघडूनही पाहिला नव्हता. आता पाहिला आहे. उशिराबद्दल क्षमा असावी." हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं, दर वेळी नव्या कागदावर. चौथा कागद घेतला तेव्हा यशोधराने तिसरा उचलून पाकिटात घातला, डिंक लावला आणि त्यावर वरवंटा ठेवला.

डिंक वाळल्यावर आम्ही दोघं स्टेशनच्या पूर्वेकडच्या पोस्टात गेलो. पत्ता पुन्हा वाचून घेतला. मग पाकीट पेटीत सोडलं, आणि आत पडल्याचा आवाज आला तसा मी हात बाहेर काढला.