मुळाकडचा दोरा

प्रेमाबाईच्या घरी सून आधी जेवायची. मुरुम गावातल्या त्यांच्या गल्लीत याचं भारी कौतुक होतं. श्रीदेवी रोज रीतीनं म्हणायची, "आत्या, आधी तुमी जेवा," आणि प्रेमाबाई रोज तिलाच हाताला धरून ताटावर बसवायची, वर भाकरीशेजारी दह्याची वाटी ठेवायची. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी म्हणायच्या. त्या दह्यात वर्षभर रोज चिमूटभर पांढरी पूड पडत होती, हे शेजारणींना ठाऊक नव्हतं, आणि सुनेलाही नव्हतं.

पूड मूल व्हावं म्हणून होती. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलेना, तेव्हा प्रेमाबाईनं आठवडी बाजारात बसणाऱ्या एका वैदूला गाठलं होतं. "पोरीला सांगू नगा, सांगितलं की गुण जातो," एवढीच त्याची अट. ती प्रेमाबाईच्या पथ्यावरच पडली. बारावी शिकलेली श्रीदेवी असल्या पुडीला हातही लावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाळणा काही हलला नाही. उलट पोरीच्या तळपायांची आग होऊ लागली, हातातून भांडी सुटू लागली, तळहात काळवंडून खरखरीत झाले. उमरग्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस सलाइन झालं, तेवढे दिवस घरचं दही बंद होतं, पण उतार पडेना. शेवटी नंदीशनं बायकोला सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, आणि आईलाही सोबत घेतलं.

डॉक्टरांनी श्रीदेवीची नखं उजेडात धरली. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या.

"पोटात विष जात असावं असं वाटतंय," ते म्हणाले. "लघवीत काही सापडलं नाही, पण लघवी मागच्या चार दिवसांचंच सांगते. जुनं सगळं केस सांगतात. आर्सेनिक म्हणतात त्याला. जुनी माणसं सोमल म्हणायची."

प्रेमाबाईचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. वैदूनं कानाशी लागून हाच शब्द सांगितला होता. शुद्ध केलेला सोमल हाय, लई गुणाचा.

डॉक्टर नंदीशला समजावून सांगत होते. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. मुळाकडचं टोक म्हणजे आत्ताचं, श्रीदेवीच्या एवढ्या लांब केसाचं शेंड्याकडचं टोक म्हणजे चार वर्षांपूर्वीचं. तुकडे करून तपासले की विष कधी गेलं ते महिन्यानिशी कळतं. "म्हणून दोरा मुळाकडच्या टोकाला बांधायचा, विसरू नका," हे त्यांनी नर्सला बजावलं.

नर्सनं शेजारच्या खोलीत श्रीदेवीच्या मानेजवळून एक बट कापली. तेवढ्यात कुणीतरी तिला बाहेर बोलावलं. "मावशी, धरा जरा, आलेच," म्हणत तिनं बट आणि दोरा प्रेमाबाईच्या हातात दिला.

श्रीदेवी पाठमोरी बसली होती. प्रेमाबाईच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. पोलीस, गल्ली, आणि घराबाहेर काढणारा पोटचा पोरगा. केसानं गळा कापणारी बाई म्हणून लोक आपल्यावर थुंकतील. शेंडे तिनंच गेल्या महिन्यात कात्रीनं सारखे केले होते, त्यामुळे बटेची दोन्ही टोकं सारखीच दिसत होती. तिनं दोरा शेंड्याला बांधला.

"बांधला पण? मुळाकडंच ना?" नर्सनं येऊन विचारलं.

"व्हय."

पुढचे बारा दिवस प्रेमाबाई नुसती जगत होती. दह्यात पूड घालणं तिनं बंद केलं होतं, पण उरलेल्या पुडीचं करायचं काय? मोरीत टाकावी तर पाणी म्हशीच्या डबक्यात जाणार, चुलीत टाकावी तर धूर घरात. शेवटी ती पुडी कमरेच्या पिशवीतच राहिली. फोन वाजला की तिचा हात पिशवीवर जायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"विष आहे, पण जुनं. चार वर्षांपूर्वी वर्षभर गेलंय, नंतर काहीच नाही. म्हणजे लग्नाच्या आधी, माहेरी. आत्ता जात असतं तर दाखल करून विष उतरवायची इंजेक्शनं द्यावी लागली असती. आता ताकदीच्या गोळ्यांवर भागेल." मग त्यांनी पुन्हा श्रीदेवीचा हात उचलला. "नखांचं मात्र कोडं आहे. नख तर सहा महिन्यांत नवं येतं, जुनी रेघ राहतच नाही."

नंदीश लालबुंद झाला. "तुझ्या अव्वानं काय चारलं तुला?"

नेमका तेव्हाच श्रीदेवीचा फोन वाजला. कर्नाटकातल्या आळंदहून तिची आई, शांतम्मा, रिपोर्टचं विचारायला फोन करत होती. श्रीदेवीनं नाव बघितलं आणि फोन कापला. डोळे पुसून ती सासूकडे वळली. "आता माहेरचं पाणीबी नगो. आत्याच्या हातचंच खाईन."

इतके दिवस प्रेमाबाईला पकडलं जाण्याची भीती होती. आता तिला आपल्याच हातांची भीती वाटली. त्या हातांनी तिनं पिशवीतली पुडी काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टरसाब, त्यो कागद उलटा वाचा. दोरा म्या शेंड्याला बांधला. शांतम्माचा काय गुन्हा न्हाय. दह्यातनं रोज म्याच देत होते, पोर व्हावं म्हणून."

डॉक्टरांनी आधी पुडी उचलली, मग श्रीदेवीला दाखल करायचा कागद लिहायला घेतला. नंदीश खुर्चीवरून उठला आणि आईकडे न बघता भिंतीशी जाऊन उभा राहिला. श्रीदेवीनं आपले काळे तळहात मांडीवर उलटे करून ठेवले.

तिसऱ्या दिवशी प्रेमाबाई डबा घेऊन वॉर्डात गेली. जावं की न जावं, हे मुरुमपासून सोलापूरपर्यंत एसटीत तिचं ठरत नव्हतं. खाटेशेजारी शांतम्मा बसली होती. तिनं मान फिरवली, पण जा म्हणाली नाही. प्रेमाबाईनं ताटलीत भाकरी आणि वरण वाढलं. दही आणायचं धाडस तिला झालं नव्हतं.

श्रीदेवीनं ताटलीकडे बघितलं. मग सुन्न बोटांनी ती हळूच सासूपुढे सरकवली.

"आत्या, आधी तुमी जेवा."

शब्द तेच होते, आवाजही तसाच मऊ. प्रेमाबाईनं भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि तोंडात घातली. घास गळ्याखाली उतरेपर्यंत श्रीदेवी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.