मापताईंचा अर्धा दिवस

पडद्यांच्या त्या दुकानात सकाळचा चहा उभ्यानंच व्हायचा. कापडाच्या ताग्यांना पाठ टेकून सगळे गोल करून उभे राहत आणि मालक एकेकाची खबर घेत. कुणाचा गुडघा, कुणाच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन, कुणाच्या धाकट्याची दाढ, काही म्हणजे काही सुटत नसे. रजा मागायची तीही तिथेच, सगळ्यांसमोर, कारण सांगून. "आपण एक कुटुंब आहोत. घरात कसली आलीय लपवाछपवी?" असं मालक म्हणत. आणि ते मनापासून म्हणत, हीच खरी पंचाईत होती. माणूस दुष्ट असता तर त्याला तोंडावर नाही म्हणता आलं असतं.

मापताई या दुकानातल्या जुन्या. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना मापताई म्हणत. खांद्याला टेप, हातात घडीचं स्टूल, रोज नवी घरं, नवी माणसं. हे काम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण आई गेली आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागेना. अनोळखी दारापुढे उभं राहिलं की छाती धडधडायची, बेल वाजवायला हात वर जायचा नाही. घेतलेलं माप स्टुलावरून उतरेपर्यंत डोक्यातून निघून जायचं, की पुन्हा चढा!

"असं अंगावर काढू नकोस," नवऱ्यानं समजावलं. "पाय मुरगळला असता तर गेली असतीस ना डॉक्टरकडे?"

शेवटी मापताईंनी मोठ्या इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञांची वेळ मागितली. ती महिन्याभरानंतरची मिळाली.

आता प्रश्न होता रजेचा. मागे दुकानातल्या एका विक्रेत्यानं असंच दुखणं चहाच्या वेळी भोळेपणानं सांगून टाकलं होतं. मालकांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर पाठवणं बंद केलं, आराम मिळावा म्हणून मागच्या खोलीत पडद्याच्या कड्या निवडायला बसवलं. सगळे त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलायला लागले. कुणी वाकडा शब्द काढला नाही, तरी काही महिन्यांत बिचारा नोकरी सोडून गेला. मापताईंना मागच्या खोलीची धास्ती होती. घरोघरी जाणं सुटलं तर आपलं उरलंसुरलं बळही जाईल, असं त्यांना वाटे.

"मालक, उद्या अर्धा दिवस हवाय. मोठ्या इस्पितळात जायचंय," वेळेच्या आदल्या दिवशी त्यांनी चहाला सांगितलं.

"का हो? काय झालं?"

"खासगी काम आहे."

खासगी! हा शब्द त्या गोलात आजवर कुणी काढला नव्हता. ड्रायव्हरचा कप ओठाशीच राहिला.

"ताई, माझ्यापासून लपवता? गाठबीठ तर नाही ना?"

"नाही हो! तसलं काही नाही," म्हणत मापताईंनी टेप उचलला आणि पायात चपला सरकवल्या.

मालकांना रात्री जेवण गेलं नाही. सांगत नाहीत म्हणजे मोठंच काहीतरी आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंपीकाकांना आणि ड्रायव्हरला गाडीत घातलं, फुलांचा गुच्छ आणि सफरचंदांची पिशवी घेतली आणि इस्पितळ गाठलं. चौकशीच्या खिडकीवर कुणी दाद दिली नाही, तेव्हा ही वरात मजल्यामागून मजला शोधत निघाली. हाडांचा विभाग झाला, डोळ्यांचा झाला, बाळंतिणींच्या वॉर्डातून तर तिघांना हाकलूनच दिलं.

मापताई तिसऱ्या मजल्यावर, मनोविकार विभागात बसल्या होत्या. पुढचा नंबर त्यांचाच. इतक्यात जिन्यातून ओळखीचा आवाज आला.

"आमच्या मापताई इथे आल्यात का हो?"

"इथे कोण येतं, कोण नाही, ते आम्ही सांगत नाही," दारातली परिचारिका म्हणाली. "आपण कोण?"

"आम्ही त्यांचं कुटुंब!"

दारावरची पाटी वाचून हे तिघं आत डोकावले तर संपलंच सगळं! मापताई उठल्या आणि मागच्या जिन्यानं जवळजवळ धावतच खाली गेल्या. त्यांचा नंबर पुकारला तेव्हा खुर्ची रिकामी होती. घरी येऊन त्या खूप रडल्या. नवऱ्यानं इस्पितळात फोन लावला, तर पुढची वेळ पुन्हा महिन्याभरानं.

दुसऱ्या दिवशी चहाला मालकांनी हसत सुरुवात केली. "अहो, होता कुठे तुम्ही? सगळे मजले पालथे घातले आम्ही! ही घ्या तुमची सफरचंदं."

मापताईंनी कप खाली ठेवला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या,

"मी तिथेच होते, मालक. तुमचा आवाज ऐकून पळाले. महिनाभर वाट बघून मिळालेली वेळ गेली. आता आणखी महिनाभर असंच काढायचंय मला."

"पळालात? अहो, आम्ही काय परके आहोत?"

कोपऱ्यातलं शिलाई मशीन थांबलं. तिथे मालकांची मोठी बहीण, आक्का, पडद्यांच्या कडा शिवत बसे. चहाच्या गोलात ती कधी येत नसे.

"तू जरा थांब. आता मी विचारते," आक्का म्हणाली. "नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी काय शिकवतोस त्याला?"

"गिऱ्हाइकाच्या घरात जे दिसेल ते तिथंच सोडून यायचं. कुणापाशी बोलायचं नाही."

"का बरं?"

"का म्हणजे? लोक विश्वासानं पार झोपायच्या खोलीपर्यंत नेतात आपल्याला, आक्का."

"मग परक्यांच्या घरातला पसारा झाकायची अक्कल आहे तुला, आणि तुझ्याकडे राबणाऱ्या बाईचं दुखणं तेवढं चव्हाट्यावर मांडायचं?"

"पण मी काळजीनंच विचारतो गं! माझ्या मनात काही वाईट नसतं."

"तुझ्या मनाचं राहू दे बाजूला. शेजारणीनं विचारलं तर माणूस तोंड फिरवून जातो. तू पगार देतोस. तू विचारलंस की 'नाही सांगत' म्हणायची सोयच राहत नाही रे! आणि त्या विक्रेत्याचं काय केलंस?"

"त्याला आराम मिळावा म्हणून मी..."

"त्यानं मागितला होता आराम?"

मालक खाली बघत म्हणाले, "परवा दिसला होता तो रस्त्यात. मला बघून पलीकडच्या बाजूला गेला. मला वाटलं, त्यानं ओळखलं नसेल."

अरेरे! माया करता करता आपण माणसाला किती एकटं पाडतो! मालकांचा चेहरा पार उतरला. ते मापताईंकडे वळले.

"ताई, चुकलं माझं. पुढची वेळ कधीची..." आणि त्यांनी स्वतःचीच जीभ चावली. "नको, नाही विचारत. नुसतं 'अर्धा दिवस' म्हणा, पुरे झालं."

"आणि आजची दोन घरं? ती माझ्याकडेच ना?" मापताईंनी धीर करून विचारलं.

"तुमच्याकडेच. तुम्ही स्वतः नको म्हणेपर्यंत तुमच्याकडेच."

त्या दिवसापासून चहाच्या वेळी रजेचं कारण विचारणं बंद झालं.

"मग आता चहाला करायचं काय?" ड्रायव्हर कुरकुरला.

"चहा प्यायचा!" आक्का मशीनवरूनच म्हणाली.

महिना सरला. मापताई म्हणाल्या, "मालक, उद्या अर्धा दिवस." मालकांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पाण्याशिवाय गोळी गिळावी तसा चेहरा करून ते म्हणाले, "बरं." शिंपीकाकांनी हसू दाबायला ताग्याआड तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर मापताईंचा नंबर पुकारला गेला आणि त्या उठून आत गेल्या. "काय होतंय तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. मापताईंनी आई गेल्याच्या दिवसापासून सगळं सांगितलं, मधे रडल्या, थांबल्या, पुन्हा सांगत राहिल्या. दाराकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

मंडळी, आपल्यात कुणी मालक आहे, कुणी वरिष्ठ, कुणी नुसताच शेजारच्या टेबलावरचा. बरोबरीचं माणूस दवाखान्यासाठी रजा मागेल तेव्हा 'का' हा शब्द आपल्याही ओठांवर येईलच. तेवढा आवरा. दुखणं ज्याचं आहे, ते कुणाला सांगायचं हे त्यानंच ठरवायचं. सांगितलं तर नीट ऐका आणि पोटात ठेवा. नाही सांगितलं तर रुसू नका. आपण एवढंच म्हणावं: "इकडचं आम्ही बघतो, तुम्ही निवांत जाऊन या."